शिक्षकांच्या हाती पिस्तूल द्यावं का? अमेरिकेतल्या पालकांचं, शिक्षकांचं आणि गावांचं म्हणणं



अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडे बातमी येते. आपण दोन दिवस हळहळतो, ‘काय हा देश’ म्हणतो आणि विसरून जातो. तिथल्या पालकांना विसरता येत नाही. सोमवारी सकाळी पोराला पुन्हा त्याच बसमध्ये बसवायचं असतं. आणि त्या पालकांत आता आपलीही माणसं बरीच आहेत. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची नातवंडं टेक्सासात, ओहायोत, न्यू जर्सीत शाळेत जातात. बालवाडीतलं पोर फोनवर सांगतं, ‘आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसलो होतो.’ आजीला वाटतं, लपाछपी असेल. ते लॉकडाउन ड्रिल असतं. बंदूकधारी माणूस शाळेत शिरला तर काय करायचं, याची रंगीत तालीम.

या भीतीवर तिथे एक उपाय पुढे आला आहे: शाळेतल्या शिक्षकांना, कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू द्या. आपल्याला हे ऐकूनच धक्का बसतो. पण तिथे अनेक राज्यांत हे कायद्याने चालतं. त्यामुळे ‘वेडेपणा आहे’ म्हणून बाजूला सारण्याआधी लोक काय म्हणतात ते ऐकू या. बातम्यांत हा वाद बंदूकवाले विरुद्ध बंदूकविरोधक असा दिसतो. गावातल्या बैठकीत तो अधिक बारीक असतो. तिथे माणसं तीन प्रश्नांवर अडतात: शस्त्र कोणाच्या हाती, किती शिकवून आणि कोणाला सांगून? ही तीन उत्तरं बदलली की त्याच माणसाचं मत बदलू शकतं. आज मी हेच उलगडून सांगणार आहे.

निर्णय घेतं कोण?

आधी तिथली व्यवस्था समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे शाळेचे मोठे निर्णय मंत्रालयातून येतात. तिथे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ असतो. नावावरून आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये शेकडो शाळा असतात, एखाद्यात एकच. त्याचा कारभार ‘स्कूल बोर्ड’ पाहतं आणि हे बोर्ड बहुतेक ठिकाणी गावातले मतदार निवडून देतात. बोर्डाच्या बैठका खुल्या असतात. कोणीही पालक उठून ठरलेली दोन-तीन मिनिटं बोलू शकतो.

केंद्राचा कायदा शाळेच्या आवारात बंदूक आणायला मनाई करतो. १९९० चा गन-फ्री स्कूल झोन्स ॲक्ट तो हाच. पण त्याला अपवाद आहेत. राज्याने परवाना दिलेला असेल किंवा शाळेने परवानगी दिली असेल, तर मुभा मिळू शकते. म्हणजे वॉशिंग्टनमधून एक हुकूम सुटला आणि शिक्षकांनी पिस्तुलं घेतली, असं घडत नाही. राज्याचा कायदा दार उघडतो आणि त्या दारातून आत जायचं की नाही, हे बहुधा गावाचं बोर्ड ठरवतं. म्हणून तर या विषयात ‘समाजाचं मत’ या शब्दाला वजन आहे.

कल्पना आली कुठून?

चार तारखा लक्षात ठेवा. २० एप्रिल १९९९, कोलोरॅडोतलं कोलंबाइन हायस्कूल. १४ डिसेंबर २०१२, कनेक्टिकटमधली सँडी हुक प्राथमिक शाळा: २० लहान मुलं आणि ६ कर्मचारी गेले. १४ फेब्रुवारी २०१८, फ्लोरिडातलं पार्कलंड: १७ जण. २४ मे २०२२, टेक्सासातलं उवाल्डी: १९ मुलं आणि २ शिक्षिका.

सँडी हुकनंतर आठवड्याभरातच नॅशनल रायफल असोसिएशनने पत्रकार परिषद घेतली. बंदूक घेतलेल्या दुष्टाला थांबवायचं तर बंदूक घेतलेला सज्जनच लागतो, असं तिचं म्हणणं होतं. मागणी होती प्रत्येक शाळेत सशस्त्र माणूस ठेवण्याची. पार्कलंडनंतर तीन आठवड्यांत फ्लोरिडाने ‘गार्डियन’ योजना आणली. २०१९ साली ती वर्गावरच्या शिक्षकांनाही खुली केली. तिथे प्रशिक्षण १४४ तासांचं ठरलं.

पण पहिला प्रयोग याच्याही आधीचा आहे. टेक्सासात हॅरल्ड नावाचं एक छोटं गाव आहे. २००७ मध्ये तिथल्या बोर्डाने निवडक कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू द्यायचं ठरवलं. शाळेत मुलं शंभरच्या आसपास. शेरीफचं ठाणं, म्हणजे जवळची पोलीस मदत, कित्येक मैल दूर. गावाचा विचार सरळ होता: मदत पोचेपर्यंत आपलं आपल्यालाच बघायचं आहे.

बाजूने बोलणारे काय म्हणतात?

त्यांचा मुख्य मुद्दा वेळेचा आहे आणि तो वजनदार आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यातले बहुतेक हल्ले दोन मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात संपले होते. दोन मिनिटांत शहरातला पोलीस पोचत नाही, तर खेड्यातला कुठून पोचणार?

दुसरा मुद्दा उवाल्डीचा. तिथे वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलीस जमले होते आणि हल्लेखोराला गाठायला त्यांनी ७७ मिनिटं लावली. पार्कलंडला शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. यावरून पालक म्हणतात, ‘पोलीस येतीलच आणि आत शिरतीलच, यावर आम्ही का विसंबायचं? वर्गातल्या बाईंचा जीव मुलांत गुंतलेला असतो, त्या पळून जाणार नाहीत.’

आणि ते एक उदाहरण हमखास देतात. १९९७ मध्ये मिसिसिपीतल्या पर्ल गावी एका विद्यार्थ्याने शाळेत दोघींना मारलं. सहायक मुख्याध्यापक धावत आपल्या गाडीकडे गेले, पिस्तूल आणलं आणि निघून चाललेल्या त्या मुलाला रोखून धरलं. हे खरंच घडलं आहे.

विरोधात बोलणारे काय म्हणतात?

इथे सगळ्यात मोठा आवाज खुद्द शिक्षकांचा आहे. पार्कलंडनंतर मार्च २०१८ मध्ये गॅलपने शिक्षकांना विचारलं. ७३ टक्के शिक्षकांनी विरोध केला. याने शाळा कमी सुरक्षित होईल, असं ५८ टक्क्यांना वाटत होतं. पाच वर्षांनी रँड या संशोधन संस्थेने विचारलं तेव्हा ५४ टक्के म्हणाले, शाळा कमी सुरक्षित होईल. २० टक्के म्हणाले, जास्त सुरक्षित होईल. उरलेल्यांना फारसा फरक पडेल असं वाटत नव्हतं. मात्र एक आकडा विसरू नका. संधी मिळाली तर शस्त्र बाळगू, असं म्हणणारे शिक्षक दोन्ही पाहण्यांत पाचातला एक, एवढे निघाले. अमेरिकेत शाळाशिक्षक तीस लाखांहून जास्त आहेत, म्हणजे ही संख्या काही लाखांत जाते.

शिक्षकांचा आक्षेप काय? पहिला, नेमबाजीचा. चित्रपटात नायक एका गोळीत खलनायक पाडतो. न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदी रँडनेच अभ्यासल्या आहेत. दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटत असताना प्रशिक्षित पोलिसांच्या शंभरातल्या सुमारे १८ गोळ्या नेमक्या लागल्या. उरलेल्या ८२ कुठेतरी गेल्याच ना? रस्त्यावर त्या भिंतीत जातील. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये पळणारी मुलं असतात.

दुसरा आक्षेप रोजच्या दिवसांचा. हल्ला बहुतेक शाळांत कधीच होणार नाही, पण पिस्तूल शाळेत रोज येणार. २०१४ साली युटामध्ये एका शिक्षिकेच्या पिस्तुलातून शाळेच्या स्वच्छतागृहात चुकून गोळी सुटली आणि तिचाच पाय जखमी झाला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एका शिक्षकाकडून वर्गात गोळी सुटली. तो शिक्षक राखीव पोलीस दलात होता, म्हणजे शिकलेला माणूस, आणि त्या वेळी सुरक्षेचाच पाठ देत होता.

तिसरा आक्षेप ओळखीचा. गोंधळात आत शिरलेल्या पोलिसाला पिस्तूल हातात घेतलेला माणूस दिसला, तर तो शिक्षक की हल्लेखोर, हे कसं कळणार? आणि तो शिक्षक कृष्णवर्णीय असेल तर? इथे फिलँडो कास्टिल हे नाव घेतलं जातं. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात तो शाळेच्या उपाहारगृहाचा पर्यवेक्षक होता. त्याच्याकडे पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. २०१६ मध्ये पोलिसाने त्याची गाडी थांबवली. पिस्तूल जवळ आहे, हे त्याने स्वतःहून सांगितलं, तरी काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. म्हणून सगळे कृष्णवर्णीय शिक्षक एका मताचे आहेत, असं मात्र समजू नका. रँडच्या पाहणीत ‘शाळा कमी सुरक्षित होईल’ असं म्हणण्याचं प्रमाण गोऱ्या शिक्षकांत अधिक होतं.

चौथा आक्षेप विमा कंपन्यांचा, आणि तो ऐकण्यासारखा आहे, कारण त्यांचा हिशोब भावनेवर चालत नाही. २०१३ मध्ये कॅन्सस राज्याने शाळांत शस्त्र बाळगायला कायद्याने मुभा दिली. तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टांचा विमा उतरवणाऱ्या ईएमसी या कंपनीने कळवून टाकलं की अशा शाळांचा विमा आम्ही उतरवणार नाही.

ओहायोतलं एक गाव: किती तास शिकवायचं?

आता एका गावाची गोष्ट सांगतो. ओहायोत बटलर काउंटीमध्ये मॅडिसन नावाचा डिस्ट्रिक्ट आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या शाळेच्या जेवणघरात एका १४ वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. चार विद्यार्थी जखमी झाले, सगळे वाचले. दोन वर्षांनी बोर्डाने ठराव केला की निवडक कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू द्यायचं.

यावर गावातलेच काही पालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं नीट ऐका. राज्याचा जुना कायदा सांगतो की शाळेत शस्त्र घेऊन काम करणाऱ्याने पोलिसाचं मूळ प्रशिक्षण घेतलेलं हवं, किंवा त्याला २० वर्षांचा पोलिसी अनुभव हवा. ते प्रशिक्षण सातशे तासांहून जास्त असतं. बोर्ड मात्र तीन दिवसांच्या शिबिरावर भागवत होतं. पालकांचा प्रश्न होता: पोलिसाला जे शिकावं लागतं, ते माझ्या मुलीच्या वर्गात पिस्तूल घेऊन उभ्या राहणाऱ्याला का नको?

प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जून २०२१ मध्ये चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने पालक जिंकले. मग काय झालं? उवाल्डीनंतर तीन आठवड्यांच्या आत, जून २०२२ मध्ये, राज्याने कायदाच बदलला. आता राज्याची सक्ती जास्तीत जास्त २४ तासांची. बोर्डाला वाटलं तर त्याने अधिक मागावं. शिक्षक संघटनांनी विरोध केला, आणि राज्यातल्या पोलिसांच्या मोठ्या संघटनेनेही केला. पोलिसांना बंदुकीचं वावडं थोडंच आहे? पण बंदूक हाताळायला किती शिकावं लागतं, हे त्यांना माहीत आहे.

सातशे तास, १४४ तास, २४ तास. काम तेच, मुलंही तशीच, आणि राज्यागणिक, कायद्यागणिक आकडा एवढा हलतो. २०१८ मध्ये पीडीके या शिक्षणविषयक संस्थेच्या पाहणीत बहुसंख्य पालकांनी शिक्षकांना शस्त्र द्यायला विरोध केला होता. पण ‘८० तासांचं प्रशिक्षण आणि मानसिक तपासणी असेल तर?’ असं विचारल्यावर त्यांची जवळपास निम्मी-निम्मी विभागणी झाली. मी सुरुवातीला म्हटलं ते हेच. एका अटीने मत एवढं हललं.

टेनेसी: सांगायचं कोणाला?

२७ मार्च २०२३ रोजी नॅशव्हिलमधल्या कव्हेनंट शाळेत तीन मुलं आणि तीन प्रौढ मारले गेले. बंदुकीचे नियम कडक करा, अशी मागणी घेऊन तिथले पालक विधिमंडळात खेटे घालत राहिले. एप्रिल २०२४ मध्ये विधिमंडळाने कायदा केला तो शिक्षकांना शस्त्र बाळगू देण्याचा. प्रेक्षकसज्जात बसलेल्या आंदोलकांनी घोषणा देऊन सभागृह दणाणून सोडलं.

त्या कायद्यात प्रशिक्षण ४० तासांचं आहे, मानसिक तपासणी आहे, मुख्याध्यापकाची आणि पोलीसप्रमुखाची संमती लागते. पण आपल्या मुलाच्या शिक्षकाकडे पिस्तूल आहे का, हे पालकांना कळत नाही. ते गोपनीय. समर्थकांचा तर्क असा की हल्लेखोराला अंदाज लागू नये. पालकांचा सवाल असा की शेंगदाण्याचं वावडं असलेलं मूल वर्गात असेल तर शाळा आम्हाला चिठ्ठी पाठवते, मग हे का लपवते? ओहायोत निदान धोरण स्वीकारल्याचं बोर्डाला जाहीर करावं लागतं. नावं सांगायची नाहीत, पण योजना आहे एवढं सांगायचं.

फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड डिस्ट्रिक्टने वेगळी वाट काढली. पार्कलंड याच डिस्ट्रिक्टमध्ये येतं. शिक्षकांच्या हाती पिस्तूल नको, असा ठराव बोर्डाने एकमताने केला. पुढे सुरक्षेसाठी स्वतंत्र सशस्त्र माणसं नेमली, ज्यांचं काम तेवढंच. ज्या गावाने सगळ्यात जास्त सोसलं, त्याने शिक्षक आणि रखवालदार ही दोन कामं वेगळी ठेवली.

पुरावा काय सांगतो?

प्रामाणिकपणे सांगायचं तर पुरावा तोकडा आहे. बंदुकीच्या धोरणांवरच्या अभ्यासांचा रँडने मोठा आढावा घेतला. शिक्षकांना शस्त्र दिल्याने गोळीबार घटले की वाढले, हे ठामपणे सांगेल असा भक्कम अभ्यास त्यात सापडत नाही.

२०२१ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये एक अभ्यास आला. १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटना त्यात तपासल्या आहेत. सशस्त्र रक्षक असलेल्या शाळांत मृत्यूचं प्रमाण कमी नव्हतं, उलट २.८३ पट जास्त होतं. याचा अर्थ रक्षकामुळे माणसं मेली, असा लावू नका. धोका जास्त तिथेच रक्षक नेमला गेला असेल, हेही शक्य आहे. पण ‘रक्षक असला की हल्लेखोर घाबरून येतच नाही’ हा दावा यातून टिकत नाही. कोलंबाइनलाही सशस्त्र अधिकारी होता. त्याने गोळ्याही झाडल्या होत्या. यातले बरेच हल्लेखोर मरायच्याच तयारीने येतात, त्यांना पिस्तुलाचा धाक कसला?

आणि मघाशी सांगितलेला सीक्रेट सर्व्हिसचा अहवाल पुन्हा उघडू या. दोन मिनिटांचा मुद्दा समर्थक त्यातूनच घेतात. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. ज्यांनी बंदूक वापरली, त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून आणली होती. बहुतेकांच्या वागण्याबोलण्यात आधीपासून काहीतरी खटकत होतं, कोणाला ना कोणाला ते जाणवलंही होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण म्हणतो. गाव शाळेच्या दारावर पहारा बसवायची चर्चा करतं आणि बंदूक घरच्या उघड्या कपाटात असते.

माझं मत विचाराल तर शिक्षकाच्या कमरेला पिस्तूल नको. वर्गातलं मूल शिक्षकाकडे मन मोकळं करायला येतं. ‘अमुक मुलगा बंदूक आणायची भाषा करतोय’ हे सांगायलाही ते त्यांच्याकडेच येतं. ती वाट बुजली तर फार मोठं नुकसान होईल. पण हॅरल्डसारख्या गावाला ‘नको’ एवढंच सांगून मला घरी जाता येणार नाही. ‘पोलीस पोचेपर्यंत काय?’ या त्यांच्या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. आतून कुलूप लागणारी वर्गाची दारं, प्रशिक्षित पूर्णवेळ रक्षक, धोक्याची लक्षणं वेळीच ओळखणारं पथक. यातल्या प्रत्येकाला पैसा लागतो. शिक्षकालाच पिस्तूल देणं त्या मानाने स्वस्तात पडतं, आणि म्हणूनही ते लवकर मंजूर होतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न: आपल्याकडे ही वेळ येईल का?*

उत्तर: आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना सहज मिळत नाही, घरोघरी बंदुका नाहीत. त्यामुळे हाच प्रश्न याच रूपात येईल, असं मला वाटत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं, आपण जाणतो. त्यानंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी असे आदेश काढले. तिथे धोका आत नेमलेल्या माणसाकडून होता. पण पालकांनी विचारायचं तेच: आमच्या मुलांजवळ कोण आहे, त्याला कोणी तपासलं आणि आम्हाला कोण सांगणार?

*प्रश्न: माझा मुलगा-सून टेक्सासात असतात, नात पहिलीत आहे. नागरिकत्व नाही, मत नाही. त्यांनी काय करायचं?*

उत्तर: मत नसलं तरी बोर्डाच्या बैठकीत बोलता येतं. पालक म्हणून नाव नोंदवायचं आणि विचारायचं: आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये असं धोरण आहे का? प्रशिक्षण किती तासांचं? दरवर्षी पुन्हा होतं का? पिस्तूल अंगावर असतं की तिजोरीत? चुकून गोळी सुटली तर जबाबदारी कोणाची? नावं सांगणार नाहीत, पण या प्रश्नांची उत्तरं मागता येतात. आणि दुसरं, नात मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल तर आधी तिच्या आईला विचारायला सांगा, ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?’ आपल्या लोकांना हे विचारायला संकोच वाटतो, समोरचीला काय वाटेल म्हणून. तिथले बालरोगतज्ज्ञसुद्धा पालकांना हे विचारायला सांगतात. खुशाल विचारावं.